'शुड' म्हणजे 'पाहिजे', हे शिकवणं आता बंद व्हावं का?

विश्रामबाग : मुलगी सांगलीतल्या एका क्लासला जाते. परवा चाचणीत 'इट इज स्ट्रेंज दॅट ही शुड थिंक सो' याचं मराठी करायचं होतं. तिनं लिहिलं, 'त्याला असं वाटावं हे नवलच.' सरांनी लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, 'शुड म्हणजे पाहिजे.' मग काय, 'त्याला असं वाटलं पाहिजे हे नवल आहे'? हे मराठी तरी आहे का! 'शुड'ची खरी जोडी आपल्या वाख्याताशी, म्हणजे 'करावा', 'असावा' अशा क्रियापदाच्या 'वा'च्या रूपाशी जमते. मुलांनी अभ्यास करावा, हे कर्तव्य. 'ही शुड बी होम बाय नाऊ', तो एव्हाना घरी पोचला असावा, हा तर्क. 'लेस्ट ही शुड फॉल', तो पडू नये म्हणून. पहिल्या दिवसापासून हेच का शिकवू नये?

तासगावचा मास्तर : ताई, मार्क कापले ते चूकच. पण पहिल्या दिवसापासून? माझ्या आठवीच्या वर्गात येऊन बसा. निम्मी पोरं 'ही शुड गोज' लिहितात. 'शुड'पुढं क्रियापद मूळ रूपात, एवढं डोक्यात बसवेपर्यंत दिवाळी येते. त्यात नवल, तर्क, भीती काढली तर झालंच! आधी एक अर्थ घट्ट करू, बाकीचे अकरावीला. आणि 'लेस्ट' आज बोलतं कोण? अमेरिकेत तर 'दे इन्सिस्टेड दॅट ही पे' म्हणून 'शुड' गाळूनच टाकतात.

हळदवाला : मास्तर, अकरावीपर्यंत थांबायला आम्हाला सवड नाही. गेल्या हंगामात बाहेरच्या गिऱ्हाइकाची मेल आली : 'शुड द मॉइश्चर एक्सीड टेन पर्सेंट, वी विल रिजेक्ट द लॉट.' पुतण्या बी.कॉम. वाचून म्हणतो, काका, ओलावा १० टक्क्यांच्या वर पाहिजे म्हणतायत. नशीब, माल भरायच्या आधी मी स्वतः नजर टाकली.

विश्रामबाग : बघा! हेच म्हणते मी.

गावभाग : थांबा ताई, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. 'ओलावा वाढावा तर' असं आपण म्हणतो का? 'वाढलाच तर' म्हणतो. इथं 'शुड'चं काम वाख्यात नाही, 'च' करतो. आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट ही पुराची इशारा पातळी, ४५ धोक्याची. 'इफ द वॉटर क्रॉसेस फॉर्टी फीट' ही नुसती अट. 'शुड द वॉटर क्रॉस' म्हटलं की बहुधा जाणार नाही, पण गेलंच तर. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं ज्यांनी बघितलंय, त्यांना या 'च'चं वजन वेगळं सांगायला नको. तेव्हा 'शुड म्हणजे वाख्यात' एवढंच पाठ करून घेतलंत, तर तोही दुसरा 'पाहिजे'च.

विश्रामबाग : अटीपुरतं मान्य. पण 'व्हाय शुड आय पे?' घ्या. 'मी का म्हणून भरावेत?' तिथं 'पाहिजेत' घालून बघा, सगळा राग उतरतो.

तासगावचा मास्तर : राग शिकवायला वेळापत्रकात तास नाही ओ. पण हळदवाल्यांची मेल उद्या आठवीच्या फळ्यावर लिहितो. किती जण ओला माल पाठवतात बघू.

हळदवाला : लिहा की. फक्त आमच्या पुतण्याला कळू देऊ नका.