डीडी स्पोर्ट्सवरची मॅच फ्री डिशवर दिसते, मग केबलवर का नाही?

माणदेशी_लेक:
आमच्याकडे केबल आहे, शेजारी फ्री डिश. भारताची वनडे असली की शेजारच्यांच्या डीडी स्पोर्ट्सवर मॅच चालू असते आणि आमच्या डीडी स्पोर्ट्सवर त्याच वेळी जुनी कबड्डी. वडिलांची खात्री आहे की महागडा पॅक गळ्यात मारायला केबलवालाच मॅच बंद करतो. पैसे न्यायला आला की त्याच्याशी भांडण ठरलेलं. खरंच त्याचा हात असतो का? डीडी दाखवणं तर सक्तीचं आहे ना?

केबलचालक_सातारा:
ताई, मी हाच धंदा करतो, म्हणून सविस्तर लिहितो. केबलवाल्याचा यात हात नाही. आम्हाला सगळे चॅनल वरच्या कंपनीकडून तयार येतात आणि दूरदर्शनच केबलसाठी त्या वेळी वेगळा कार्यक्रम सोडतं.

डीडीची सक्ती खरी आहे. १९९५ च्या केबल कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सरकारने नेमून दिलेले दूरदर्शनचे चॅनल दाखवावेच लागतात. मॅचचा कायदा मात्र निराळा, २००७ चा. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दाखवायचे हक्क ज्याने घेतले असतील त्याने जाहिराती काढून थेट सिग्नल प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला द्यायचा. त्यावर दूरदर्शनला जाहिरातींतून जे मिळेल त्यातला किमान ७५ टक्के वाटा हक्कवाल्याचा. पण कलम ३ मध्ये हा सिग्नल प्रसार भारतीच्या स्वतःच्या जमिनीवरच्या (अँटेनावर दिसणाऱ्या) प्रक्षेपणासाठी आणि स्वतःच्या डीटीएचसाठी, असं लिहिलंय. डीटीएच म्हणजे छत्रीवरून थेट घरात येणारे चॅनल, आणि प्रसार भारतीचं स्वतःचं डीटीएच म्हणजे फ्री डिश.

पूर्वी डीडीवर मॅच लागली की कलम ८ मुळे ती केबलवरही दिसायची. हक्कवाले आणि बीसीसीआय कोर्टात गेले. दिल्ली हायकोर्टाने २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. तेव्हापासून चॅनल दाखवायची सक्ती आमच्यावर, पण त्यावरची मॅच आमच्या गिऱ्हाइकाला नाही. शिव्या मात्र आम्हीच खातो.

जाहिरातवाला_पुणे:
हक्कवाल्यांचंही ऐका. ते प्रचंड रक्कम मोजतात. तीच मॅच प्रत्येक केबलवर फुकट दिसली तर त्यांचा चॅनल पैसे देऊन कोण घेईल? कोर्टाने कायद्यातल्या शब्दांप्रमाणेच निकाल दिलाय.

केबलचालक_सातारा:
शब्दांप्रमाणे दिला, मान्य. माझा राग शब्दांवरच आहे. जास्तीत जास्त लोकांना महत्त्वाचे सामने मोफत बघता यावेत, हाच २००७ च्या कायद्याचा हेतू त्यात लिहिलेला आहे. तेव्हा अँटेनावाली घरं होती. आता दूरदर्शनने जुनी प्रक्षेपण केंद्रं बहुतेक बंद केली. उरली फ्री डिश. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, गच्चीवर छत्री लावू न देणाऱ्या सोसायटीतल्या माणसाला काय? तो दर महिन्याला पैसे भरतो, तरी त्याला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने केबल आणि खासगी डीटीएचवरही सामने दिसावेत म्हणून दुरुस्तीचा मसुदा काढून हरकती मागवल्या होत्या. तो कायदा व्हायला हवा होता. हक्कवाल्यांना वाटा वाढवून द्या, पण लोकांना बघू द्या.

माणदेशी_लेक:
दादा, वडिलांना वाचून दाखवलं. आता पुढच्या मॅचला काय करू?

केबलचालक_सातारा:
जागा असेल तर फ्री डिशची छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्या, मासिक भाडं नाही. टीव्हीला दुसरं पिन असतं, त्यात बॉक्स जोडा. केबल काढायची गरज नाही, मॅचपुरतं रिमोटने सोर्स बदलायचा. आणि सह्याद्री वाहिनी कधी केबलवरून गायब झाली, तर मात्र ऑपरेटरला सोडू नका. तिथे कलम ८ लागू होतं. तो ऐकत नसेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे लेखी तक्रार द्या, कारवाईचा अधिकार त्यांना आहे.