जूनपासून बंद असलेलं गावचं घर: रात्रभराच्या प्रवासानंतर पहिल्या दिवशी किती काम काढावं?

घर राजापूर तालुक्यात. ठाण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचणार. गणपतीआधीची गर्दी, म्हणजे बारा तास बसणं धरूनच चालायचं. माणसं तीन: आम्ही दोघं पन्नाशीतले आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. त्यांना रक्तदाबाची आणि लघवीची गोळी चालू आहे. बावीवर (विहिरीवर) १ एचपीचा मोनोब्लॉक पंप. बाव ३ मीटर रुंद, पाणी साधारण ४ मीटर (शेजाऱ्यांनी मोजून सांगितलंय). मूर्ती आणायच्या आधी हातात दोन दिवस. पहिल्याच दिवशी सगळं उरकायला गेलं की दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले नि कंबर धरलेली. क्रम कसा लावावा?

खळ्यातला
पहिल्या दिवशी पाणी, गॅस आणि झोपायची एक खोली. बाकी घराला कुलूप राहू दे, आभाळ कोसळत नाही.

पंपाचं बटण लगेच दाबू नका. तीन महिने बंद पंपाचा इंपेलर (आतली पाणी ढकलणारी चकती) गंजून अडकतो. मेन स्विच बंद करून मागचा पंखा हाताने फिरवून बघा. अडकलेला असताना चालू केलात तर मोटर नुसती घुं करते आणि वाइंडिंग जळतं. मोकळा फिरतोय आणि तरी घुं करतेय, तर कपॅसिटर गेलाय. चालू करण्याआधी पंपाचा वरचा प्लग काढून पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत. भरलेलं पाणी खाली खाली जात राहिलं तर फुटव्हॉल्वमध्ये (बावीतल्या पाइपाच्या खालच्या टोकाच्या झडपेत) कचरा अडकलाय किंवा त्याचा वायसर गेलाय. चालू केल्यावर मिनिटभरात पाणी चढलं नाही तर बंद करा. कोरडा चालला की सील जातं.

वरची टाकी आधी पूर्ण रिकामी करून घासा. तीन महिन्यांच्या पाण्यात डासांच्या अळ्या असतातच.

माजघर
बावीत दोन मुठी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, झालं.

खळ्यातला
मुठीने नको. १००० लिटरला २.५ ग्रॅम हे माप. गोल बावीत रुंदी × रुंदी × पाण्याची खोली × ०.७८५ म्हणजे घनमीटर, त्याला हजाराने गुणलं की लिटर. तुमच्या बावीत ३ × ३ × ४ × ०.७८५ × १०००, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, म्हणून ७० ग्रॅम. पाकीट ताजं घ्या, उघडं राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. ती बादली दोरीने बावीत सोडून खालीवर हलवा. तळाचा चुना बावीत टाकू नका, पाणी जड होतं. निदान तासभर पाणी वापरायचं नाही, म्हणून हे रात्री करा. पहिल्या दिवसाचं पिण्याचं पाणी सोबत आणा किंवा उकळून घ्या.

कुळीथ
थकव्याबद्दल कोणी बोललंच नाही. पोचल्यावर खाटेवर आडवं व्हायच्या आधी दहा मिनिटं अंगणात चाला, मग पाय उशीवर ठेवून पडा. गजर लावून अर्धा तास, जास्त नाही. दुपारी तीन तास झोपलात तर रात्र टक्क डोळ्यांनी जाईल. दोन्ही पाय सारखे सुजले तर बहुधा बसण्यामुळे. पण एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा दम लागला तर वाट न बघता डॉक्टरकडे, रक्ताची गाठ असू शकते.

सासूबाईंची लघवीची गोळी ‘गाडीत पंचाईत नको’ म्हणून परस्पर बंद करू नका. वेळ पुढेमागे करता येईल का, ते निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

जेवायला पेज करा. वाटीभर उकड्या तांदळाला आठ वाट्या पाणी, मीठ, बाजूला लोणचं. सासूबाईंना लोणचं नावापुरतंच.

प्रश्नकर्ता
गॅस पेटतो, पण ज्योत पिवळी येते आणि फटफट आवाज होतो. आणि झाडलोट कधी?

खळ्यातला
बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं घर असणार. रेग्युलेटर बंद करून बर्नर उचला, नळीतून तार फिरवा. रबरी नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का तेही बघा.

कुळीथ
झाडलोट दुसऱ्या दिवशी. कोरडं झाडू नका. उंदराच्या लेंड्या असतील तिथे आधी ब्लीचचं पाणी शिंपडा, हातमोजे घाला, मग पुसून काढा. गाद्या बुरशीने भरलेल्या असतील, भाद्रपदात ऊनही भरवशाचं नाही. पहिल्या रात्री सतरंजी आणि आणलेल्या चादरीच बऱ्या. लाकडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, फुरसं आणि विंचू तिथेच बसतात. चावलंच तर आवळपट्टी नाही, कापणं नाही, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र.

पायरीवरचं शेवाळ मात्र पहिल्याच दिवशी खरवडा. सासूबाई पहिल्यांदा तिथेच पाय ठेवणार.