यकृत ठीक असताना मूत्रपिंड का बिघडले? (हिपॅटायटिस सी)

मेधा, सांगली
माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. १९८७ साली त्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढवावे लागले होते. हिपॅटायटिस सी असल्याचे मात्र गेल्या वर्षी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत कळले. कावीळ कधी झाली नाही आणि यकृताची सोनोग्राफी चांगली आहे, म्हणून उपचार लांबणीवर पडले. दिवाळीपासून त्यांच्या नडग्यांवर मोहरीएवढे जांभळट ठिपके येत आहेत, संध्याकाळी मोज्याचा वळ खोल उमटतो आणि लघवीचा फेस पाणी ओतले तरी बसत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) वाढून १.९ आहे, लघवीतून प्रथिने जात आहेत, मधुमेह नाही. हे दोन आजार समजायचे की एकच?

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, पुणे
प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरीही दोन्हींचे मूळ एकच असावे अशी दाट शंका येते. हिपॅटायटिस सीचा विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहिला की प्रतिकारशक्तीच्या बी पेशी सतत चेतवल्या जातात आणि काहींच्या रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची, थंडाव्यात गोठणारी प्रथिने तयार होतात. विषाणू, प्रतिपिंडे आणि ही प्रथिने यांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांत अडकले की पायांवर ठिपके येतात आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत साचले की तेथे दाह होतो. यकृत फारसे बिघडलेले नसतानाही हे घडू शकते. म्हणूनच हिपॅटायटिसच्या प्रत्येक रुग्णाची लघवी तपासावी, असा माझा आग्रह असतो.

सी४ (प्रतिकारशक्तीचे एक प्रथिन, या आजारात ते कमी होते), ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (रक्तातील एक प्रतिपिंड), विषाणूचे प्रमाण आणि क्रायोग्लोब्युलिन या तपासण्या करून घ्या; मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याची बायोप्सीही बहुधा लागेल. क्रायोग्लोब्युलिनचे रक्त आधीच गरम केलेल्या नळीत घ्यावे लागते आणि सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) वेगळे होईपर्यंत ते ३७ अंशांवरच ठेवावे लागते. नमुना बर्फाच्या डब्यातून गेला तर प्रथिने वाटेतच खाली बसतात आणि अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. हे प्रयोगशाळेला आधी विचारून घ्या.

विषाणूवर उपचार हाच या दुखण्याचा पाया आहे. पूर्वीचे रिबाव्हिरिन अशक्त मूत्रपिंडामुळे शरीरात साचून रक्तपेशी फोडत असे आणि रक्त कमी होत असे. आजच्या सोफोसबुव्हिर-वेलपटासव्हिरला क्रिएटिनिन वाढले म्हणून मात्रा बदलावी लागत नाही. नेहमीचा क्रम १२ आठवड्यांचा असतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांवर औषधे मोफत मिळतात. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, कारण सी दबताना लपलेला बी उसळू शकतो. क्रिएटिनिन झपाट्याने वाढत असेल तर दाह आवरणारी औषधेही लागतात; अशा वेळी एक दिवसही थांबू नका.

राहता राहिले ते १९८७ चे रक्त. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याआधी रक्तपेढीकडे त्याची चाचणीच नव्हती, त्यामुळे संसर्ग त्या रक्तातूनच झाला असण्याची शक्यता आहे.

विनायक, नागपूर
बी असणाऱ्यांसाठी एक भर घालतो. माझ्या पत्नीला हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल चालू होते. काही वर्षांनी मूत्रपिंडातून फॉस्फेट गळू लागल्याने रक्तातले फॉस्फेट घसरले, हाडे दुखू लागली. तिच्या बाबतीत मूत्रपिंडाला इजा विषाणूमुळे नव्हे, औषधामुळे झाली होती. डॉक्टरांनी त्याऐवजी टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हा त्याच औषधाचा मूत्रपिंडाला कमी त्रास देणारा प्रकार दिल्यावर फरक पडला. मात्र बीचे औषध स्वतःहून कधीही बंद करू नये, विषाणू उलटून यकृत निकामी होऊ शकते.

मेधा, सांगली
मनापासून आभार. क्रायोग्लोब्युलिनचा आमचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आहे, पण रक्त घरी येऊन घेतले होते आणि त्या मुलाने नळी माझ्यासमोर बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवली होती. सी४ कमी आल्याचे कागदावर आज पाहिले. उद्या सकाळी बाबांना मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे नेते आणि ही चाचणी रुग्णालयातच पुन्हा करायला सांगते.