मॅप केलेला ड्राइव्ह विरुद्ध आरसिंक
घरून व्हीपीएन (विद्यापीठाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) लावून विद्यापीठाचा ड्राइव्ह मॅप केला, म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या संगणकावर ड्राइव्हसारखं जोडलं, तरी कॉपी रखडते, म्हणून एसएसएचवरून (दूरच्या संगणकाशी थेट सुरक्षित जोडणी) एससीपी ही फाइल कॉपी करण्याची आज्ञा वापरा, हा सल्ला पटला. रखडण्याचं कारण बहुतेक वेळा इंटरनेटचा वेग नसतो. मॅप केलेला ड्राइव्ह ज्या पद्धतीने सर्व्हरशी बोलतो त्या एसएमबीत प्रत्येक फाइल उघडणं, तिची माहिती विचारणं, लिहिणं, बंद करणं यासाठी सर्व्हरशी वेगवेगळ्या फेऱ्या होतात. एका फेरीला ५० मिलिसेकंद आणि फाइलमागे ४ फेऱ्या धरल्या, तर १०,००० छोट्या फाइलींसाठी अर्धा तास नुसता वाट बघण्यातच जातो. ड्राइव्हच वापरायचा असेल तर आधी सगळं एका टार फाइलमध्ये (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) बांधा, फरक लगेच दिसेल.

पण एससीपीऐवजी मी आरसिंक हे फाइली पाठवणारं साधन सुचवेन. एससीपी मध्येच तुटलं की ती फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते, आणि मोठ्या डेटासेटच्या बाबतीत ते फार जिवावर येतं. आरसिंकला कॅपिटल 'पी' (-P) हा पर्याय द्या, म्हणजे अर्धवट आलेली फाइल टिकते आणि तीच आज्ञा परत दिली की काम तिथून पुढे सुरू होतं. हा पर्याय नसेल तर तुटलेला तुकडा आरसिंक स्वतःच पुसून टाकतो! आणखी एक, आरसिंक एसएसएचवरूनच चालवा. मॅप केलेल्या ड्राइव्हवर चालवलं तर त्याच्या लेखी दोन्ही टोकं स्थानिकच असतात, त्यामुळे बदललेल्या फाइलचा फक्त बदललेला भाग न पाठवता तो ती अख्खीच्या अख्खी पाठवतो. सोर्स फोल्डरच्या (ज्यातून कॉपी करायचं त्या) नावाच्या शेवटचा स्लॅशही (/) नीट बघून घ्या: स्लॅश असेल तर फक्त आतल्या फाइली जातात, नसेल तर फोल्डरसकट.