युगांडात साखर कारखान्यात नोकरी : कॉलनीत राहावं की गावात?

पंचगंगाकाठ : आमचे दाजी शुगर केमिस्ट. जिंजाजवळच्या कारखान्याची ऑफर आहे. राहायला कंपनीची कॉलनी, नाहीतर भाडं घेऊन गावात. ताई म्हणते कॉलनीच बरी. मला पटत नाही. कंपाउंडमध्येच दिवस काढायचे तर युगांडा काय अन् फलटण काय!

नाईलवाला : शंभर टक्के. कॉलनीत तेच पत्ते, तीच गणपतीची वर्गणी, कुणाला किती इन्क्रिमेंट मिळालं त्याच्याच गप्पा. आम्ही जिंजात मेन स्ट्रीटच्या मागे राहायचो. कोपऱ्यावरचा पोरगा कोळशाच्या शेगडीवर चपाती भाजायचा, कोबी-टोमॅटो घातलेल्या ऑम्लेटवर टाकायचा आणि गुंडाळून हातात द्यायचा. त्याला तिथे रोलेक्स म्हणतात. तिथली लुसोगा भाषा मोडकीतोडकी का होईना, त्याच्याच गाड्यावर शिकलो.

पॅनमॅन : सुटीच्या दिवशी रोलेक्स छान लागतो हो. पण तिकडे विषुववृत्तावर ऊस वर्षभर चालतो, आपल्यासारखा मार्च-एप्रिलला हंगाम संपून पट्टा पडत नाही. रात्री दोनला पॅनवरून, म्हणजे साखर शिजवतात तिथून, फोन आला तर बोडाबोडावर (भाड्याच्या मोटरसायकलवर) बसून येणार का दाजी? पोराला ताप भरला की आधी मलेरियाची तपासणी. कॉलनीत दवाखाना हाकेवर असतो. आणि २००७ विसरलात? सरकारने माबिरा जंगलाचा तुकडा भारतीय वंशाच्या मालकांच्या साखर कंपनीला उसासाठी द्यायचा घाट घातला, कंपालात मोर्चा निघाला, त्यात एका भारतीयाला दगडांनी ठेचून मारलं. त्याचा काय संबंध होता?

नाईलवाला : काहीच नव्हता, भयंकरच झालं ते. पण आपण भिंतीआड राहिलो की बाहेरच्यांना आपण सगळे सारखेच दिसतो. शेजारी ओळखत असेल तर फरक पडतो.

पॅनमॅन : भाबडेपणा आहे हा. १९७२ ला हुकूमशहा इदी अमीनने आशियाईंना ९० दिवसांत हाकललं, तेव्हा काय सगळे कॉलनीत राहत होते? तुमच्या त्याच मेन स्ट्रीटवर दुकानं होती त्यांची. जुन्या इमारतींवर मालकांची नावं आणि बांधल्याचं साल अजून दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या गावातच राहिली होती ती माणसं.

नाईलवाला : दुकान गावात होतं, पण ऊठबस आपसातच होती! पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात मालमत्ता परत मिळाल्या, काही जण परतलेही. गाव एवढं वाईट असतं तर परतले असते?

सिन्नरची सून : दोघंही पुरुषांचंच बोलताय. नवरा बारा-बारा तास कारखान्यात, आणि डिपेंडंट पासवर बायकोला नोकरी करता येत नाही. कॉलनीत मी स्वयंपाक आणि भिशी करून कंटाळले होते. गावात आल्यावर निदान बाजारात जाऊन मटोकेच्या (भाजीच्या हिरव्या केळ्यांच्या) घडावरून घासाघीस तरी करता यायची. माझं मत गावाला. पण ताई नको म्हणत असतील तर तुम्ही मध्ये पडू नका.

पॅनमॅन : गावातच जायचं असेल तर करार नीट वाचा. घरभाडं डॉलरमध्ये लिहिलंय की शिलिंगमध्ये? आणि वर्क परमिट कंपनीच्या नावावर असतं. नोकरी गेली की गावातलं घरही सोडावंच लागतं.