दोन डोस झालेल्या सिस्टरला पुन्हा कोविड झाला, तर रजा कुणाच्या खात्यातली?

ठाण्याची सिस्टर (जानेवारी २०२२):
ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. गेल्या एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह आले, तेव्हा दोन्ही डोस झालेले होते. या आठवड्यात पुन्हा पॉझिटिव्ह. ताप उतरलाय, ऑक्सिजन ९७, घरीच आहे. लशीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एचआरच्या फोनबद्दल. डोस झालेत म्हणजे लागण बाहेरची, त्यामुळे रजा माझ्या खात्यातून जाणार म्हणे. गेल्या खेपेला विशेष रजा मिळाली होती. वॉर्डातल्या मावश्या तर कंत्राटी, त्यांचे कोविडमुळे घरी बसलेले सात दिवस सरळ पगारातून कापतात. घसा धरलेला असताना क्रोसिन घेऊन कामावर आलेली मावशी मी पाहिली आहे, आणि ती आयसीयूची लादी पुसत होती. लस घेतलेल्या कर्मचाऱ्याचा दुसरा कोविडही कामावरचाच धरा आणि रजा पगारी द्या, एवढंच मागणं आहे.

घोडबंदरकर:
सहानुभूती आहे, पण पटलं नाही. १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल खुली आहे. लग्नं झाली, बाजार भरले. लागण वॉर्डात झाली की ठाणे स्टेशनच्या पुलावर, हे ठरवणार कोण? आमच्या ऑफिसात आजारी पडलो तर स्वतःचीच रजा जाते.

ऐरोलीहून:
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. १६ जानेवारी २०२१ला पहिली लस यांनाच दिली आणि वर्षभरात हेच पुन्हा आडवे. मग १० तारखेपासून तिसरा डोस कशासाठी सुरू केलाय?

नेरूळचा फिजिशियन:
ऐरोलीकर, वेल्लोरच्या सीएमसीने, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने, आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला आहे. दोन डोस झालेल्या ७०८० जणांपैकी ६७९ जणांना लागण झाली, म्हणजे ९.६ टक्के. लस न घेतलेल्यांत हेच प्रमाण २७ टक्क्यांच्या वर होतं. ऑक्सिजन लागण्यापासून संरक्षण ९२ टक्के, आयसीयूपासून ९४. हे आकडे दुसऱ्या लाटेतले. ओमायक्रॉन अँटीबॉडींना बराच चकवतो आणि फेब्रुवारीत दुसरा डोस घेतलेल्यांना आता अकरा महिने होत आले. लागण होणारच. व्हेंटिलेटरची वेळ येऊ नये, म्हणून तिसरा डोस.
पण सिस्टर, सरसकट पगारी रजेला माझा विरोध आहे. आरटीपीसीआरमध्ये मेलेल्या विषाणूचे अवशेषही कधीकधी आठवडेच्या आठवडे सापडतात. म्हणून आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, अभ्यासासाठी पुनर्लागणीची व्याख्या केली ती अशी: दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवस आणि मध्ये एक निगेटिव्ह. निदान तेवढी तरी अट हवी.

ठाण्याची सिस्टर:
अट मान्य. माझ्या दोन रिपोर्टांत नऊ महिने आहेत आणि मध्ये निगेटिव्ह आहे, तरी फोन आलाच.
घोडबंदरकर, पुलावर मी मास्क लावून दहा मिनिटं असते. आमची चेंजिंग रूम बघा. खिडकी नाही, एक एसी, भिंतीला कपाटं आणि मध्ये एक बाक. दुपारी ड्युटी बदलताना सकाळच्या आणि दुपारच्या सिस्टर तिथे एकदमच, निम्म्या जणी मास्क काढून डबा खाताहेत. वॉर्डात एन९५ घट्ट असतो, लागण होते ती या बाकावर. ही जागा हॉस्पिटलनेच दिलेली आहे ना?

वाशीतला ॲडमिन:
मी छोट्या नर्सिंग होमचा हिशेब बघतो. निम्मा स्टाफ एकदम घरी बसला की बदली माणसं दुप्पट दराने आणावी लागतात. त्यात पगारी रजा द्यायची तर पैसा आणू कुठून? केंद्राचा ५० लाखांचा विमा आहे, तोही मृत्यू झाला तरच. आजारपणाच्या रजेसाठी त्यात दमडी नाही. हा भार सरकारने उचलावा, आमच्या माथी मारू नये.

घोडबंदरकर:
बाकाचं वाचून मावशींपुरतं पटलं. ताप लपवून कुणी आयसीयूत जाऊ नये, त्यांचा पगार कापू नका. पण कायम नोकरीवाल्यांना रजा शिल्लक असते, ती वापरावी.

ठाण्याची सिस्टर:
माझी शिल्लक रजा एप्रिलनंतरच्या अशक्तपणात संपली. आता बिनपगारी आहे. आणि ॲडमिनसाहेब, सरकारचे पैसे येतील तेव्हा येतील, चेंजिंग रूमला एक्झॉस्ट फॅन आणि जेवणाच्या दोन पाळ्या एवढं तर उद्यापासून करता येईल. तुमच्याकडे केलंय का?