गाडीतली उघडी बाटली आणि वाटेतली पाच राज्ये

नानाकाका (ठाणे): अनिरुद्ध, तू पाठवलेला अमेरिकेतील सहलीचा आराखडा वाचला. न्यू जर्सीतील एडिसनहून निघून डेलावेअर, मेरिलँड, व्हर्जिनियातील शेनान्डोआचे खोरे आणि शेवटी टेनेसीतील नॅशव्हिल, हा मार्ग मला पसंत आहे. एकच शंका आहे. शेनान्डोआच्या परिसरातील वायनरीला भेट द्यायचे ठरले आहे. तेथे घेतलेली बाटली अर्धी उरली, तर ती गाडीतून पुढे नेता येते का? शिवाय मिलिंदने काल 'मागच्या सीटवर बसून घोटभर घ्यायला काय हरकत आहे' असे लिहिले आहे. त्याचेही उत्तर इथेच लागावे, म्हणजे विमानतळावर उतरल्यावर वाद नको.

मिलिंद (पुणे): काका, हरकत कशी असेल? गाडी चालवणार अनिरुद्ध, आणि तो तर थेंबालाही शिवत नाही. आपल्याकडे नाकाबंदीत पोलीस फुंकायला लावतात ते चालकाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्येही चालकाच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर गुन्हा, असेच आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हीच मर्यादा 80 मिलिग्रॅम आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सैलच. मग मागे बसलेल्याच्या ग्लासाची चौकशी कशाला?

अनिरुद्ध (एडिसन): मिलिंददादा, तू म्हणतोस तो कायदा इथेही आहे आणि तो चालकाच्या रक्तापुरताच आहे. पण त्याच्याखेरीज उघड्या बाटलीचा एक स्वतंत्र कायदा बहुतेक राज्यांत आहे आणि कोण प्यायले, किती प्यायले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. बाटलीचे सील तुटले आहे का आणि ती गाडीत नेमकी कुठे ठेवली आहे, एवढेच तो पाहतो. न्यू जर्सीत रस्त्यावर असलेल्या गाडीतील कोणाहीजवळ, मग तो चालक असो वा मागे बसलेला पाहुणा, अशी बाटली असू नये असा नियम आहे. पहिल्या वेळी 200 डॉलर दंड, आणि पुढच्या वेळी 250 डॉलर किंवा दहा दिवस समाजसेवा. रक्कम फार मोठी नाही, हे खरे. मात्र खिडकीतून टॉर्च मारणाऱ्या पोलिसाला मागच्या सीटवर अर्धी बाटली दिसली, की त्याची पुढची सगळी चौकशी चालकापासून सुरू होते, आणि तो चालक मी असणार आहे.

'उघडी' याचा अर्थही नीट समजून घ्यावा. बूच परत घट्ट बसवले, झाकण आवळले, वर प्लास्टिकची पिशवी बांधली, तरी सील तुटलेले असेल किंवा आतले थोडेसे जरी कमी झालेले असेल तर ती बाटली उघडीच. बिअरच्या चेपलेल्या डब्यात तळाशी चार थेंब राहिले असतील तर तोही त्यात मोडू शकतो, कारण व्याख्येत 'कितीही प्रमाणात' असे शब्द आहेत. याउलट विमानतळावरच्या दुकानातून तू आणशील ती सीलबंद बाटली गाडीत असायला या कायद्याची काहीच आडकाठी नाही.

शुभामावशी (नाशिक): सगळ्या अमेरिकेत एकच नियम आहे, असे समजायचे का?

सायली (ह्यूस्टन): नाही मावशी, आणि खरी गंमत तिथेच आहे. रस्त्यावरचे नियम करणे हा राज्यांचा अधिकार आहे, त्यामुळे दिल्लीहून फर्मान निघावे तसे वॉशिंग्टनहून काढता येत नाही. केंद्र सरकारने पैशाचा मार्ग धरला. 1998 च्या कायद्यात त्यांनी राज्यांसमोर सहा अटी ठेवल्या: बाटली बाळगणे आणि पिणे, दोन्हींवर बंदी हवी, ती प्रवाशांच्या बसण्याच्या सगळ्या भागाला लागू हवी, सर्व प्रकारच्या मद्याला लागू हवी, गाडीतील प्रत्येकाला लागू हवी, महामार्गाबरोबरच त्याच्या कडेच्या पट्ट्यालाही लागू हवी, आणि दुसरा कोणता गुन्हा घडलेला नसतानाही केवळ याच कारणासाठी पोलिसाला गाडी थांबवता यायला हवी. जे राज्य 1 ऑक्टोबर 2000 पर्यंत असा कायदा करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीतील ठरावीक हिस्सा रस्तेबांधणीऐवजी मद्यपी चालकांना आळा घालण्याच्या आणि सुरक्षिततेच्या कामांकडे वळवला जातो. सध्या तो हिस्सा अडीच टक्के आहे.

हीच युक्ती त्यांनी 1984 मध्ये मद्यपानाचे किमान वय 21 करून घेण्यासाठी वापरली होती. तेव्हा दक्षिण डकोटा राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1987 मध्ये हरले. वयाच्या बाबतीत निधी सरळ रोखला जात होता, म्हणून सगळी राज्ये अखेर रांगेत आली. बाटलीच्या बाबतीत पैसा राज्यातच राहतो, फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. माझ्या मते काही राज्ये आजही वाकलेली नाहीत त्याचे मोठे कारण हेच असावे. माझ्या टेक्सासने 2001 मध्ये कायदा केला. इथे 500 डॉलरपर्यंत दंड होतो, आणि गाडी चालू आहे, थांबली आहे की कडेला लावली आहे, याने काही फरक पडत नाही, असे कलमातच लिहिले आहे. उलट मिसिसिपीत संपूर्ण राज्याला लागू होईल असा कायदाच नाही. तिथे रक्तातील मर्यादा ओलांडली नाही तर खुद्द चालकाच्या हातातल्या बिअरलाही राज्याची हरकत नाही; शहरांनी आपापले नियम केले असतील तेवढेच. लुइझियानात तर गाडीतूनच बर्फाळ कॉकटेल विकत घेता येते. झाकण जागेवर आहे आणि नळी आत खोचलेली नाही, तोपर्यंत तो पेला कायद्याच्या लेखी बंद!

मिलिंद: म्हणजे राज्य बघून बसायचे. मी व्हर्जिनियाचे वाचले आहे. तिथे मागे बसलेल्याने घेतले तर चालते. डेलावेअरमध्येही फक्त गाडी चालवताना पिण्याला बंदी आहे, आणि टेनेसीत फक्त चालकाला. पाचपैकी तीन राज्ये माझ्या बाजूची आहेत.

अनिरुद्ध: दादा, तुझी माहिती बरोबर आहे, तरीही ती आपल्या उपयोगाची नाही. एडिसनहून निघाल्यावर डेलावेअरचा पूल येईपर्यंत न्यू जर्सी, म्हणजे बंदी. डेलावेअरमधला महामार्ग अर्ध्या तासात संपतो, आणि लगेच मेरिलँड लागते, जिथे पुन्हा बंदी. तू डेलावेअरच्या पुलावर बाटली उघडलीस तर मेरिलँडची पाटी दिसायच्या आत तिचे काय करणार? ती संपवावी लागेल किंवा फेकावी लागेल, आणि दोन्ही गोष्टी मला माझ्या गाडीत नको आहेत.

व्हर्जिनियात सूट आहे, पण तिला एक शेपूट जोडलेले आहे. बसण्याच्या भागात उघडी बाटली आहे, तिच्यातले काही कमी झालेले आहे, आणि चालकाचे वागणे, बोलणे किंवा रूप प्यायलेल्या माणसासारखे आहे, या तीन गोष्टी जुळल्या तर चालकाने गाडी चालवतानाच मद्य घेतले असे गृहीत धरता येते, आणि ते खोडून काढण्याचे काम चालकाच्या गळ्यात पडते. पहिल्या दोन गोष्टी तू पुरवणार. तिसरी, रात्री दहा वाजता सहा तास गाडी हाकून डोळे तांबारलेला माणूस आपोआपच पुरवतो. टेनेसीचे कलम त्याहून मासलेवाईक आहे. उघडी बाटली एखाद्या प्रवाशाच्या ताब्यात नसेल आणि डिकीत किंवा बंद खणातही नसेल, तर ती चालकाच्या ताब्यात आहे असे तिथे मानतात. म्हणजे घोट घेऊन तू ती सीटच्या मधल्या खाचेत ठेवलीस आणि तुझा डोळा लागला, की ती माझी झाली.

नानाकाका: ही शेवटची तरतूद मला फार समंजस वाटते. ज्या वस्तूची जबाबदारी कोणीच घेत नाही, ती शेवटी गाडी हाकणाऱ्याच्या नावावर लिहिली जाते, हे आपल्याकडच्या एसटीच्या वाहकांनाही पटेल. आता वायनरीच्या उरलेल्या बाटलीचे सांग.

अनिरुद्ध: काका, ती नेता येते, फक्त योग्य जागी ठेवून. साध्या गाडीत डिकी हीच ती जागा. आपण घेतलेली व्हॅन सात आसनी आहे आणि तिला वेगळी डिकी नाही, म्हणून तिथे नियम असा लागतो की बाटली शेवटच्या उभ्या सीटच्या मागे ठेवावी. आमच्या व्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेमागे सामानासाठी एक खोलगट खड्डा आहे. त्यात बर्फाची पेटी बसते, आणि त्या पेटीत तळाशी बाटली आडवी न ठेवता उभी ठेवायची, म्हणजे गळून वास सुटणार नाही. एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल: सामान जास्त झाले म्हणून कोणी तिसरी रांग दुमडली, तर शेवटची उभी सीट दुसरी ठरते, आणि दुसऱ्या रांगेतल्या माणसाचा हात मागे सहज पोहोचतो. तेव्हा ती रांग दुमडायची नाही, बॅगा कमी करायच्या.

डॅशबोर्डच्या खणाबद्दलही विचारणा होईल म्हणून लिहितो. केंद्राच्या नियमात कुलूपबंद खण चालतो, टेक्सासमध्येही चालतो, पण कॅलिफोर्नियात तोच खण प्रवाशांच्या भागात मोजतात. एका राज्यातला शहाणपणा दुसऱ्या राज्यात दंड होतो, म्हणून खणाचा विचारच नको.

शुभामावशी: मोठी घरासारखी गाडी भाड्याने घेतली तर? आमच्या सोसायटीतल्या एकांनी तशीच घेतली होती आणि मागे छान पत्त्यांचा डाव रंगला होता, असे सांगत होते.

सायली: त्या गाडीच्या राहण्याच्या भागाला आणि भाड्याच्या बस, टॅक्सी, लिमोझिनमधल्या प्रवाशांना बहुतेक राज्यांत सूट आहे, हे खरे आहे. मात्र ॲपवरून बोलावलेल्या गाडीला कोणी त्यात धरू नये. उबरच्या स्वतःच्या नियमांतच उघड्या मद्याला मनाई आहे. आणि तेवढ्यासाठी तीस फुटी गाडी शेनान्डोआच्या वळणांवर अनिरुद्धने हाकायची, हे मला तरी पटत नाही.

समीर (ब्लॅक्सबर्ग): मी वाटेत व्हर्जिनियातल्या क्रिश्चन्सबर्गला गाडीत चढणार आहे. मला काही वेगळे पाळावे लागेल का? मला 21 पूर्ण व्हायला अजून पाच महिने आहेत.

अनिरुद्ध: तुला बाटलीला हातच लावायचा नाही, सील असो वा नसो. पेटी गाडीतून उतरवायचे कामसुद्धा दुसऱ्या कोणीतरी करावे. तू शिक्षणाच्या व्हिसावर आहेस. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. उघड्या बाटलीचा दंड त्या पंक्तीत बसत नाही, पण तुझ्या नावावर कुठलीच नोंद का असावी?

मिलिंद: ठीक आहे, व्हॅनमध्ये कोरडा उपवास. माझी बाटली सीलसकट नॅशव्हिलपर्यंत येईल आणि हॉटेलच्या खोलीत उघडेल.

शुभामावशी: आता माझी अडचण ऐका. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ती बाटली माझ्या पर्समध्ये असते. तिच्या लेबलवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले आहे हे मी आजच चष्मा लावून वाचले. तीही उघडीच की!

सायली: मावशी, ते औषध आहे, करमणुकीचे पेय नव्हे, आणि असा युक्तिवाद करता येईल यात मला शंका नाही. पण द्राक्षांपासून आंबवलेला, तपकिरी बाटलीतला, गोडसर वासाचा आणि निम्मा संपलेला तो द्रव म्हणजे आसव कसे, हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसाला इंग्रजीत समजावून सांगायचे काम कोणावर येणार, याचा विचार कर. केंद्राच्या व्याख्येत अर्धा टक्का अल्कोहोल असलेली वाइनसुद्धा येते.

नानाकाका: शुभाताई, द्राक्षासव बर्फाच्या पेटीशेजारी मागच्या खड्ड्यात जाईल, आणि जेवणाच्या प्रत्येक थांब्यावर मी स्वतः चमचा घेऊन हजर राहीन. अनिरुद्ध, हॉटेलचे काय झाले?

अनिरुद्ध: नॅशव्हिलचे हॉटेल ब्रॉडवे या तिथल्या गाण्याबजावण्याच्या रस्त्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घेतले आहे, म्हणजे त्या दोन दिवसांत गाडी तळावरून हलवावीच लागणार नाही. मिलिंददादा, गाणी ऐकायला जाशील तेव्हा ग्लास तेवढा तिथल्या टेबलावरच ठेवून ये. हातात पेला घेऊन रस्त्यावर फिरण्याचे नियम वेगळे आहेत आणि तेही गावागणिक बदलतात. व्हॅनचा फोटो आज संध्याकाळी टाकतो, त्यावरून कोणाची कोणती बॅग कुठे बसेल ते ठरवू.